वरात वेशीतून आली तो उन्हाळा

वैशाखात लातूरच्या आमच्या गल्लीत मंडप पडायला लागले की माझे कान आधी रस्ता शोधतात. बँड कुठून निघाला, कुठल्या चौकात थांबला, कुठल्या गल्लीच्या तोंडाशी आवाज एकदम दबला. नवरदेव कसा आहे, गाणं कोणतं वाजतंय, यात मला काही रस नसतो. बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता मी आवाजाच्या मागं मागं जाते. इथून आले, म्हणजे तिथून गेले नाहीत. कामून गेले नाहीत? नवरा म्हणतो, "अगं, तिकडं गटारीचं खोदकाम चालू आहे." असेलही. पण दुसऱ्या दिवशी भाजीला जाताना मी वाट वाकडी करून ते खोदकाम बघून येते.

कॉलेजात मी मराठी शिकवते. तिथं दर हिवाळ्यात चित्रपटांचा छोटासा महोत्सव भरतो आणि 'सिनेमातलं सामाजिक वास्तव' असल्या विषयावर मला चार शब्द बोलायला उभं करतात. जुने कृष्णधवल सिनेमे असतात, कालपरवाचे असतात. पडद्यावर गरिबाला मार बसतो, हॉल चिडीचूप होतो. शेवटी तो उठून उभा राहतो, टाळ्या पडतात. त्या टाळ्या मला नीट ऐकवत नाहीत. टाळी वाजवणारा प्रत्येक जण मार खाणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसलेला असतो. मग ओट्यावर बसून हुकूम सोडणारा तो माणूस कुणाचा कोण? त्याला काही भाऊ, पुतण्या, लेकी असतीलच की. त्या कुठं शिकल्या, कुठं नोकरीला लागल्या? हॉलमध्ये बाकी कुणाला ठाऊक नसलं तरी मला ठाऊक असतं. त्यातली एक माईक हातात धरून उभी असते.

हे सगळं त्या एका उन्हाळ्याचं देणं आहे.

आमचं गाव अर्धापूरच्या पुढं. नाव सांगत नाही. सांगितलं की लोक त्या एका गावाला धरतात आणि आपापल्या गावाला सोडून देतात. सगळा शिवार केळीचा. मी नांदेडला एम.ए.चा शेवटचा पेपर देऊन घरी आले तेव्हा बागांत घड उतरवणं चालू होतं. अंगणात, ओसरीत, बायकांच्या पदरांना, सगळीकडं केळीच्या चिकाचे काळे डाग. दुपारी गरम वारा सुटला की पानांच्या चिंध्या होऊन फडफडायच्या आणि झोपेत वाटायचं, कुणीतरी कागद फाडतंय.

त्याच आठवड्यात सिनेमावाले आले. दिग्दर्शक तिशीतला पोरगा होता, आकाश नावाचा. नावापुढं आईचं नाव लावायचा. गावात शूटिंग करायचं तर आधी आबांना भेटायला हवं, हे त्याला कुणीतरी फाट्यावरच सांगितलं होतं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. सरपंच दुसरंच कुणी असायचं, पण गावात शब्द आबांचा चालायचा. आबा कधी ओरडायचे नाहीत. आमच्या घरात मी त्यांचा चढलेला आवाज ऐकलेला नाही.

"आडनाव काय म्हणायचं आपलं?" आबांनी त्याच्यापुढं केळ्यांची फणी सरकवत विचारलं.

"आडनाव लावत नाही मी. नुसतं आकाश म्हणा."

"म्हणू की. पण लग्नाच्या पत्रिकेत काय लावसाल?"

तो हसला, आबाही हसले. परवानगी मिळाली. तो गेल्यावर आबा माझ्या वडलांना म्हणाले, "आडनाव लपवतो म्हणजे वरचा असंल न्हाई तर खालचा. मधला कशाला लपवील?"

पुढं सगळा उन्हाळा गाव त्याचं आडनाव हुडकत राहिलं. कुणी त्याच्या ड्रायव्हरला विचारलं, कुणी तो जेवताना काय खातो ते बघितलं. सिनेमाची गोष्ट काय आहे, याची चौकशी मात्र उशिरा झाली.

गोष्ट साधी होती. बौद्धवाड्यातल्या मुलीचं लग्न ठरतं, वरात वेशीतून गावात यायला निघते, गावचा पाटील ती अडवतो, शेवटी ती जाते. आमच्या गावात असं काही घडलेलं नव्हतं. वाड्यातल्या वराती ओढ्याकडच्या रस्त्यानं बाहेरून जायच्या. कुणी कधी अडवल्याचं ऐकलं नव्हतं, कारण वेशीतून कुणी कधी आलंच नव्हतं.

शूटिंग सुरू झालं आणि मला पहिला खडा तिथंच लागला. आकाशला कोरडं गाव पाहिजे होतं. केळीच्या बागा दिसू नयेत म्हणून कॅमेरा सारखा पडिक रानाकडं वळायचा. वेशीपलीकडं हिरवं दिसत होतं, तिथं वाळलेल्या बाभळीच्या फांद्या बांधून आडोसा केला. कपाटातल्या ठेवणीतल्या साड्या नेसून बायका हौसेनं आल्या, तर त्यांना विटक्या साड्या नेसून यायला परत पाठवलं. माझी आई चिडली. "आमी रोज असं राहतो व्हय?" म्हणाली. मी आकाशला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, हिरवं दिसलं की दुःख खरं वाटत नाही." मला तेव्हाच वाटलं, हा माणूस आपल्याकडं बघतोय, पण त्याला काय बघायचंय ते तो घरूनच ठरवून आलाय.

पाटलाचं काम करणारा नट ऐन वेळी आला नाही. आकाशनं गावात नजर फिरवली आणि ती आबांवर थांबली. पांढरं धोतर, भुवयांवर पांढरे केस, जाड काचांचा चष्मा. आबा नको नको म्हणत तयार झाले. मला खात्री आहे, त्यांना आवडलं होतं.

नवरीच्या बापाच्या कामासाठी परल्हादकाकांना घेतलं. परल्हादकाका खरोखरीच बौद्धवाड्यातले. गावात मोटार रिपेरिंगचं दुकान होतं त्यांचं. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळली की सगळा गाव त्यांच्याकडं धावायचा. त्यांची मुलगी छाया माझ्या वर्गातली, नांदेडच्या एका दवाखान्यात नर्स. तिचंही लग्न त्याच उन्हाळ्यात ठरलेलं होतं. त्यामुळं सिनेमातल्या लग्नात परल्हादकाका नवरीचे बाप होणार, याची सगळ्यांना गंमत वाटत होती. त्यांना बोलायचं काही नव्हतं. वरातीच्या पुढं चालायचं, एवढंच.

आकाशनं आबांना समजावून सांगितलं. "आबा, घोडा समोर आला की ताडकन उठायचं आणि ओरडायचं, 'ही वरात इथून पुढं जाणार न्हाई!' राग दिसला पाहिजे."

"हाव," आबा म्हणाले.

बँड वाजत आला. घोड्यावर पुण्याहून आणलेला नट, पुढं परल्हादकाका, मागं निम्मं गाव. आमच्याच ओट्यावर आबा बसलेले. आबा उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत डोळ्यांवर ठेवला. आणि आजारी म्हशीची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाले, "परल्हाद, रस्ता चुकला का रं?"

सिनेमात त्या बापाचं नाव परल्हाद नव्हतं. आणि परल्हादकाकांना पुढं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली, घोड्याचा लगाम धरला आणि घोडा माघारी वळवला. वरचा नट गोंधळून इकडंतिकडं बघत तसाच मागं गेला. बँडवाल्यांचे हात थांबले. आकाश 'कट' म्हणायचं विसरला. मग एकदम धावत येऊन त्यानं आबांना मिठी मारली. "काय दिलंत आबा! काय दिलंत!" त्याच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, ते बघून गावानंही वाजवल्या.

मी दारात उभी होते. ती हाक मी लहानपणापासून ऐकत आले होते. मोटार बंद पडली की आबा अशीच मारायचे, याच सुरात. मागं वळून बघितलं तर आई आत निघून गेली होती.

त्यानंतर दोन दिवस सिनेमाचा शेवट चित्रित झाला. त्यात वरात वेशीतून वाजतगाजत जाते. कधी ऊन जास्त, कधी घोडा बिचकला, कधी कुणी कॅमेऱ्याकडं बघून हसलं. परत, अजून एकदा, अजून एकदा. मी आणि छाया दोघी त्या वरातीत नाचलो. धूळ घशात गेली, पायांत गोळे आले. सामान बांधून गाडीत भरलं गेलं तेव्हा वेशीतून बौद्धवाड्याची वरात इतक्यांदा जाऊन आली होती की बघणाऱ्यांना कंटाळा आला होता.

छायाकडं मी तिच्या लग्नाचे कपडे बघायला गेले. साड्यांची घडी घालता घालता ती म्हणाली, "वंदे, आबाला ते वाक्य लिहून दिलं होतं का गं?"

"न्हाई. लिहिलेलं दुसरंच होतं."

"मला वाटलंच." थोडा वेळ ती पदराचे दोरे ओढत बसली. "आमची वरात वेशीतनं आणायची ठरलंय."

"तू म्हणालीस?"

"पप्पाच म्हणाले. त्या दिवशी शूटिंगवरनं आले, जेवले न्हाईत. सकाळी उठून म्हणाले, वरात वेशीतनं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "घरी सांगू नको."

मी सांगितलं नाही. तरी संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी छाया मला पाणवठ्याजवळ दिसली आणि नुसती मान हलवून पुढं गेली. ती मान कशी हलवली, याच्यावर मी रात्रभर विचार केला. पुढं समजलं, परल्हादकाकांनी स्वतःच गिरणीत, दळण टाकताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं. पण तोवर आम्ही दोघी एकमेकींना तपासून बघायला लागलो होतो.

आमच्या ओट्यावर माणसं जमली. "त्या शिनेमावाल्यानं मुद्दाम आग लावली," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "तवा जाऊ दिली की आपुन. आता कसं अडवावं?" "तवा नाटक होतं." "घोडं तर खरं होतं!" कुणीतरी हसलं. आकाशचं आडनाव पुन्हा निघालं. सगळं ऐकून घेऊन आबा म्हणाले, "लेकीचं लग्न हाय. कुणी काही बोलायचं न्हाई."

माणसं उठून गेली. मला हायसं वाटलं. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या वाक्याचं दुसरं टोक हाताला लागलं. बोलायचं नाही, असं आबा म्हणाले होते. करण्याबद्दल ते काहीच बोलले नव्हते.

लग्नाच्या दिवशी उजाडताना ट्रॅक्टरचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर वेशीच्या दगडी कमानीत आमची ट्रॉली आडवी उभी. वर केळीचे खुंट आणि पानं रचलेली. ट्रॅक्टर सोडून नेलेला.

"काय झालं ट्रॉलीला?" मी वडलांना विचारलं.

"पंक्चर."

"खरंच?"

त्यांनी माझ्याकडं न बघता टॉवेल झटकला आणि गोठ्याकडं गेले.

नवरदेव भोकरकडचा. ऊन चढायच्या आत पाहुण्यांच्या गाड्या गावाबाहेरच्या मैदानात थांबल्या. घोडा आला, बँड सुरू झाला. वरात वेशीपाशी आली आणि ट्रॉलीसमोर थांबली. आधी सनई थांबली, मग ढोल, शेवटी एकटा ताशा थोडा वेळ चुकून वाजत राहिला.

आमचा ओटा वेशीतून समोरच दिसतो. ओट्यावर आबा आणि चारदोन माणसं, मागं दारात मी. परल्हादकाका निळा फेटा बांधून पुढं होते. ट्रॉलीच्या बाजूच्या फटीतून ते आत आले.

"आबा, ट्रॉली काढायला सांगता का?"

"पंक्चर हाय, परल्हाद. बघ की, आजच व्हायचं होतं. वड्याकडून घ्या. तिकडं रस्ता बी रुंद हाय, घोडं बिचकायचं न्हाई." काळजीचाच आवाज होता. शपथेवर सांगायची वेळ आली तरी कुणी म्हणू शकलं नसतं की आबांनी वरात अडवली.

परल्हादकाका उभे राहिले. मी त्यांच्या मानेकडं बघत होते. ओट्यावरची माणसं त्यांच्या मानेकडं बघत होती, फटीतून छायाचा भाऊ बघत होता. मला वाटतं, सगळं गाव त्या वेळी तेवढंच बघत होतं.

ते ट्रॉलीकडं गेले. एका चाकावर चप्पल टेकवून दाबून बघितलं. मग वळसा घालून पलीकडच्या चाकावर.

"हवा हाय की, आबा."

इतकंच म्हणाले. मोठ्यानं नाही. ओट्यावर कुणीतरी खाकरलं. बाहेर नवरदेव घोड्यावरून उतरला, त्यानं शेला काढून करवलीच्या हातात दिला आणि ट्रॉलीला खांदा लावला. ताशेवाल्यानं ताशा जमिनीवर ठेवला. छायाचा भाऊ, पाहुणे, बँडवाले, सगळे लागले. चाकं कुरकुरली, वरची पानं घसरून खाली पडली आणि ट्रॉली हळूहळू कडेला गेली.

आबा उठून आत आले. माझ्या जवळून जाताना पुटपुटले, "टायरं बघायला पाहिजे होती." पंक्चर खोटं निघालं याची लाज वाटून म्हणाले, की हवा सोडायची राहिली याची हळहळ होती, ते मला कळलं नाही. कित्येकदा विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, कारण जे उत्तर येईल त्याच्यावर माझा विश्वास बसला नसता.

वरात गेली. फुलं कुणी टाकली नाहीत, खिडक्या अर्ध्या लोटलेल्या होत्या, पण प्रत्येक दारापुढं थांबून, नाचून, सावकाश गेली. मी मागोमाग लग्नाला गेले, पंगतीत बसले. छायानं माझा हात हातात घेतला आणि थोडा वेळ सोडला नाही.

लग्न झाल्यावर गावातल्या जळालेल्या मोटारी दुरुस्तीला अर्धापूरला जायला लागल्या. कुणी ठरवून केलं नाही म्हणे. परल्हादकाका दुकानाबाहेर स्टुलावर बसलेले दिसायचे. मग ऐन उन्हात आमचीच मोटार बसली, अर्धापूरवाल्यानं परवाचा वायदा दिला आणि बागेनं माना टाकल्या. वडील टॉवेलात गुंडाळून मोटार मोटारसायकलवरून परल्हादकाकांकडं घेऊन गेले. त्यांनी करून दिली. तिच्या पाठोपाठ बाकीच्या मोटारीही आल्या. फरक एवढाच पडला की आबा त्यांना परल्हादराव म्हणायला लागले. तो 'राव' मी पुष्कळदा कान देऊन ऐकला आहे. त्यात मान होता की टोमणा, सांगता येत नाही.

सिनेमा तयार व्हायला वर्ष गेलं. त्यात घोडा माघारी वळवल्याचा तो शॉट ठेवलाय, हे कळल्यावर छायानं आकाशला फोन केला. "माझ्या बापानं मान वर केली ती गावाबाहेर कुणी पाहिली न्हाई, आन् खाली घातली ती सगळ्या दुनियेला दाखवणार तुमी," ती म्हणाली. तो म्हणाला, तो शॉट म्हणजे सिनेमाचा जीव आहे, आणि आपण काकांना विचारूनच तो ठेवलाय. आम्ही दोघींनी त्यावर विश्वास ठेवला नाही.

नांदेडला सिनेमा लागला. आबा गुडघ्यांचं निमित्त करून आले नाहीत. परल्हादकाका, छाया आणि मी एका रांगेत बसलो. पडद्यावर आमचा ओटा आला, आबा आले, चष्मा पुसला गेला. ती हाक त्या मोठ्या भोंग्यांतून आली तेव्हा सगळा हॉल अंग चोरून बसला. छायानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. परल्हादकाका स्वतःकडं बघत होते, दुसऱ्या कुणी दुरुस्त केलेली मोटार बघावी तसे.

बाहेर पायऱ्यांवर कॉलेजच्या पोरापोरींनी त्यांना ओळखलं आणि गराडा घातला. एका मुलीचे डोळे अजून ओले होते. "काका, ते मान खाली घालणं! ते खरंच तुमचंच होतं ना? तो अपमान?"

छाया पुढं झाली, पण परल्हादकाकांनी हातानं तिला थांबवलं.

"न्हाई बाई. ॲक्टिंग होती ती."

"पण किती खरी वाटली!"

"वाटणारच की. आबापुढं जल्मभर तीच करून राहिलो."

आकाश मागंच उभा होता. छायानं हळूच विचारलं, "पप्पा, यानं खरंच विचारलं होतं तुमाला?"

"हाव. ठेव म्हणलं म्या." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वंदा, आबाला सांग. त्यांचं बी काम लई झकास झालंय."

मी गावी जाऊन आबांना सांगितलं, शब्दाला शब्द. ते ओट्यावर बसले होते. अगदी खरं नवल वाटून त्यांनी मला विचारलं,

"म्या कुठं ॲक्टिंग केली?"